बावीसनंतर पंचवीस

आमच्या शाळेचा वार्षिकांक दरवर्षी निघायचा, पण तो कुणी वाचायचं नाही. पहिली आठ पानं संस्थेच्या लोकांचे फोटो, मग मुख्याध्यापकांचं मनोगत, मग कुठून कुठून उतरवून काढलेले निबंध. घरी नेला की जाड कव्हर भूगोलाच्या पुस्तकाला लागायचं आणि आतली पानं चुलीपाशी जायची. कोरोनात शाळाच बंद होती, तेव्हा तोही बंद पडला. शाळा पुन्हा सुरळीत भरायला लागली त्या वर्षी मी दहावीत होते. जूनमध्येच आमच्या मराठीच्या बाई वर्गात म्हणाल्या, "यंदाचा अंक तुम्ही काढायचा. निबंध नकोत. दहावीतल्या प्रत्येकाचा फोटो आणि त्याच्याविषयी चार ओळी. प्रत्येकाचा म्हणजे प्रत्येकाचा. मागच्या बाकावरच्यांचासुद्धा."

काम कोण करणार म्हणून विचारलं तेव्हा चारच हात वर झाले.

एक फौजीचा मुलगा. वडील तेव्हा राजस्थानात होते, घरी तो आणि आई. त्याला सगळं वेळेवर आणि रांगेत लागायचं, म्हणून तो संपादक. दुसरी एक मुसलमान मुलगी. तिच्या वडिलांचं एसटी स्टँडजवळ लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचं दुकान होतं, आणि कॉम्प्युटरवर पानं लावायला ती सहावीतच शिकली होती, म्हणून ती प्रेसवाली. तिसरी माझ्या बाकावरची. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. वहीच्या समासात ती बोलता बोलता बैल काढायची, आणि तो बैल कुणाचा ते ओळखू यायचं. ती चित्रवाली. मी यादीवाली. फॉर्म वाटायचे, गोळा करायचे, शुद्धलेखन बघायचं, तारखा तपासायच्या. वर्षभर आम्ही एकमेकांना याच नावांनी हाका मारल्या, म्हणून इथंही तीच लिहिते.

आमचं गाव हायवेला लागून, उंब्रजच्या अलीकडे. शाळेच्या एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला रस्ता, त्यामुळे बाई शिकवताना मध्येच थांबायच्या, ट्रक गेला की पुढचं वाक्य म्हणायच्या. शाळा सुटल्यावर आम्ही चित्रकलेच्या खोलीत तासभर बसायचो. खोलीच्या भिंतीवर पांढरी चादर लावून संपादकानं आपल्या मामाच्या मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले. वर्गात सात पोरांकडे धड शर्ट नव्हता. संपादकानं स्वतःचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि तो बनियनवर उभा राहून एकेकाचा फोटो काढत गेला. एक जण उतरवायचा, दुसरा घालायचा. शेवटच्या पोराच्या वेळी कॉलर घामानं काळी झाली होती, ती प्रेसवालीनं नंतर कॉम्प्युटरवर पांढरी केली.

माझं काम सगळ्यांत रटाळ. फॉर्मवर चार गोष्टी होत्या: नाव, गाव, जन्मतारीख आणि "मला काय व्हायचंय". जन्मतारखांचा घोळ लगेच लक्षात आला. घरी साजरा होणारा वाढदिवस वेगळा आणि दाखल्यावरचा वेगळा. बाई म्हणाल्या, रजिस्टरवरूनच घे. मग मी ऑफिसात क्लार्ककाकांच्या शेजारी खुर्ची टाकून दोन दिवस ते मोठं रजिस्टर उघडून बसले आणि वर्गातल्या प्रत्येकाची तारीख माझ्या हातानं उतरवली. एकदा उतरवली, दुसऱ्यांदा ताडून पाहिली. हे सांगते, कारण पुढे त्याला महत्त्व आलं.

प्रत्येक फोटोशेजारी एक लहान चौकोन होता, त्यात चित्रवाली त्या मुलाचं काहीतरी काढायची. ती मधल्या सुट्टीत एकेकाच्या बाकाजवळ जायची. "तुझं काय काढू?" एकानं सांगितलं, जेसीबी. एकीनं आपली शेळी. एक मुलगी काहीच बोलली नाही, तर तिच्या दोन वेण्या काढल्या, पाठीमागून, आणि वर्गात सगळ्यांनी बघताक्षणी तिचं नाव घेतलं. त्या मुलीनं तो कागद घरी नेऊ दे म्हणून दोन दिवस हट्ट केला होता.

चित्रवालीचा स्वतःचा फॉर्म मात्र येत नव्हता.

"देते की," म्हणायची. "सगळ्यांचं झालं की मग माझं."

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात ती झपाट्यानं काम करायला लागली. डबा खाताना डाव्या हातानं भाकरी आणि उजव्या हातानं पेन्सिल. आम्ही चेष्टा केली, "काय गं, बोर्डाचा पेपर हाय का उद्या?" ती हसली नाही. मी तेव्हा तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी तिनं फॉर्म दिला. "मला काय व्हायचंय" याच्यापुढे लिहिलं होतं, "बारावीपर्यंत शिकायचंय."

संपादक म्हणाला, "हे काय व्हायचंय का? कलेक्टर लिही, न्हाईतर चित्रकार तरी लिही."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवढंच हाय."

सुट्टी संपली, शाळा भरली, आणि बाकावर माझ्या शेजारची जागा मोकळी राहिली. पहिले चार दिवस वाटलं ताप आला असेल. पाचव्या दिवशी आम्ही तिघं सायकली घेऊन तिच्या वस्तीवर गेलो. तीन किलोमीटर, कच्चा रस्ता. तिचे वडील कारखान्याच्या ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर चालवायचे, ते घरी नव्हते. आई दारात आली, आम्हाला बघून आत गेली. बाहेर आली ती चुलती.

"मामाकडं गेलीया."

"कवा येणार?" संपादकानं विचारलं.

"यील की. तुमी कशाला उन्हातनं आलासा?"

तिनं पाणी दिलं नाही. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलं आणि पाणी मिळालं नाही असं होत नाही. 

दोन दिवसांनी प्रेसवालीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. गावातल्या कुणीतरी स्टेटसला लग्नाचा फोटो लावला होता. मंडप, मागे द्राक्षाची बाग, आणि मुंडावळ्या बांधलेली आमची चित्रवाली. तोंडाला इतकी पावडर की मी आधी ओळखलंच नाही. नवरा तेविसेक वर्षांचा असावा. तुळशीची लग्नं झाली आणि चौथ्या दिवशी जत तालुक्यातल्या एका गावात हे लग्न झालं होतं. स्थळ चांगलं होतं म्हणे. बाग होती, विहिरीला पाणी होतं, आणि त्यांनी हुंडा मागितला नव्हता. फक्त लवकर द्या एवढंच मागितलं होतं.

त्याच आठवड्यात संपादकाला चित्रकलेच्या खोलीतल्या कपाटात एक मोठं पाकीट सापडलं. राहिलेली अकरा चित्रं त्यात होती. अकराही पूर्ण. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं हजेरी क्रमांक घातलेला, म्हणजे आमचा घोळ होऊ नये. स्वतःच्या चौकोनात तिनं शाळेचा नळ काढला होता, जिथं आम्ही ब्रश धुवायचो. म्हणजे तिला माहीत होतं. सुट्टीच्या आधीच माहीत होतं, आणि तिनं आम्हाला सांगायच्या ऐवजी काम पुरं केलं होतं. प्रेसवाली रडायला लागली. मला रडू आलं नाही, राग आला. मला, निदान मला तरी सांगायचं होतंस, असं वाटत राहिलं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

आम्ही बाईंकडे गेलो. बाई वह्या तपासत होत्या. ऐकून त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "मला कळलंय," म्हणाल्या. समोरच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही अंक पूर्ण करा."

"तिचं पान?" संपादकानं विचारलं.

"ती दहावीत होती ना? फॉर्म भरलाय ना बोर्डाचा? मग पान राहणार."

आतली पानं सांगलीच्या एका प्रेसमध्ये छापायची ठरली, कारण प्रेसवालीच्या वडिलांकडे मोठं मशीन नव्हतं. नमुन्याची पानं तपासायला ते आम्हा तिघांना आपल्या गाडीतून सांगलीला घेऊन गेले. सगळ्या वर्षात तो एक दिवस आम्ही मोठ्या माणसांसारखे वागलो. प्रेसमध्ये शाईचा उग्र वास, टेबलावर मोठे न कापलेले ताव, आणि त्या तावांवर आमच्या वर्गातली तोंडं, काही सुलटी, काही उलटी. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिचं पान आलं तेव्हा तारीख पुन्हा एकदा माझ्या वहीशी ताडून पाहिली. बरोबर होती. त्या तारखेनं ती पंधरा वर्षं आणि काही महिन्यांची होत होती. दुपारी चाचांनी, म्हणजे प्रेसवालीच्या वडिलांनी, आम्हाला भडंग घेऊन दिलं आणि आम्ही आयर्विन पुलाखाली कृष्णेच्या घाटावर बसून खाल्लं. प्रेसवालीनं विचारलं, "अब्बा, हितनं जत किती लांब?"

"दोन-अडीच तास लागतील, बेटा. का गं?"

"असंच."

 भडंगाची पुडी अर्धी तशीच राहिली.

जानेवारीत अंक आला. तीनशे प्रती, पोत्यात बांधून. चित्रकलेच्या खोलीत पोती उघडली तेव्हा आम्ही तिघांनी एकेक प्रत घेऊन आधी वास घेतला. पहिल्या पानावर आमची चौघांची नावं होती. बाईंनी सगळ्यांना पेढे दिले. निरोप समारंभाला चार दिवस होते, तिथंच अंक वाटायचा होता.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्यासमोर चित्रवालीचा चुलता बसला होता. गावात त्याचं वजन होतं, शाळेच्या समितीवरही तो होता. टेबलावर अंक उघडा होता, पान तेवीस.

"हे पान काढायचं," हेडसर म्हणाले. "आजच्या आज."

"का, सर?" संपादकानं विचारलं.

चुलता शांतपणे म्हणाला, "पोरीचं लगीन झालंय बाळा. तिचा फोटो असा गावभर वाटायचा न्हाई. सासरच्यांना आवडायचं न्हाई."

खरी गोष्ट फोटोची नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. फोटोच्या खाली जन्मतारीख होती. लग्नाच्या कागदांत तिला अठरा पूर्ण दाखवलं होतं, आणि इथं शाळेच्या अंकात छापून आलं होतं की ती पंधरा वर्षांची आहे.

संपादक म्हणाला, "सर, एका बाजूला चौघं हायत. मागं चौघं. ते पान काढलं तर सात जणं आनखी जातील."

"जाऊ देत. प्रॅक्टिकलचे मार्क अजून भरायचेत माझ्याकडे, लक्षात आहे ना?"

बाई दाराशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खाली बघितलं.

त्या दुपारी आम्ही तिघं चित्रकलेच्या खोलीत जमिनीवर बसलो आणि तीनशे अंकांतलं तेवीस-चोवीस नंबरचं पान ब्लेडनं कापलं. एक जण उघडून दाबून धरायचा, दुसरा पट्टी लावायचा, तिसरा ब्लेड ओढायचा. वर्षभरात इतकं काम करून आमचे हात एकमेकांना सरावले होते.  पहिल्या दहा-बारा प्रती वेड्यावाकड्या कापल्या गेल्या, मग नीट जमायला लागलं. पान निघालं तरी मधे बोटाएवढी पट्टी राहायची, नाहीतर पलीकडचं पान सुटलं असतं. बावीस नंबर संपला की पुढे एकदम पंचवीस. त्या पानाच्या मागच्या बाजूला प्रेसवालीचा स्वतःचा फोटो होता. तीनशे वेळा तिनं तो कापला.

ती म्हणाली, "अब्बांना पुढच्या वर्षी शाळेचं काम मिळायचं न्हाई न्हाईतर." आम्ही काही विचारलं नव्हतं.

संपादक म्हणाला, "आई म्हणाली, बाबा घरी न्हाईत, भांडान नको."

 मला असं काही कारण नव्हतं. माझ्या घरचं काही अडत नव्हतं, वडील शिक्षक होते, दुसऱ्या तालुक्यात. मी फक्त भ्यायले होते.

निरोप समारंभाला पालक आले. मागच्या बाकावरच्या एका मुलाची आई नवं लुगडं नेसून आली होती. त्याचा फोटो चोवीस नंबरच्या पानावर होता. त्या माउलीला वाचता येत नव्हतं. ती पहिल्यापासून एकेक पान उलटत गेली, शेवटापर्यंत, मग परत पहिल्यापासून. मग माझ्याकडे आली.

"बाय, आमचा न्हाई गं ह्यात. त्यो तर म्हनत हुता, लोकाचा शर्ट घालून फोटू काढला."

"छापायचा राहिला, मावशी," मी म्हणाले.

"असू दे, असू दे," ती म्हणाली. तिलाच वाईट वाटलं की आपण उगाच विचारलं. अंक तिनं पिशवीत घडी न घालता उभा ठेवला.

संपादकानं एक न कापलेली प्रत शर्टाच्या आत घालून घरी नेली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. समारंभानंतर आठवड्यानं त्यानं मुलांच्या मदतीसाठी असलेल्या सरकारी नंबरवर फोन केला. एकट्यानं केला. आम्हाला विचारलं नाही. आम्ही ब्लेड ओढताना तो आमच्याकडे कसा बघत होता ते आठवलं की वाटतं, विचारण्यासारखं आमच्यात काही उरलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. बालसंरक्षणाच्या मॅडम पोलीस घेऊन जतकडे गेल्या आणि चित्रवालीला घेऊन आल्या. सांगलीतल्या बालगृहात ठेवलं. तिच्या वडिलांना आणि नवऱ्याला अटक झाली. वडील आठ दिवस आत होते, ट्रॅक्टरवरचं काम गेलं. गावात सगळ्यांचा राग फोन करणाऱ्यावर. कुणी केला ते कळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

मॅडम शाळेत आल्या. हेडसरांनी सांगितलं, असं पान अंकात नव्हतंच, पोरांनी कॉम्प्युटरवर खोटं बनवलं असेल. मग आम्हाला एकेकीला आत बोलावलं. माझ्याबरोबर आई होती. बाहेरच्या बाकावर चित्रवालीचा चुलता बसला होता, त्यानं मला जाताना "बस गं बाय निवांत, घाबरू नगं" असं म्हटलं.

मॅडमनी माझ्यासमोर ते पान ठेवलं. मधल्या पट्टीसकट, अख्खं.

"ही तारीख तू उतरवलीस?"

"मला आठवत नाही."

"रजिस्टरवरून घेतलेली?"

"माहीत नाही."

"हे पान अंकात होतं का?"

आईचा हात माझ्या पाठीवर होता. मी त्या पानावरच्या तिच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "नव्हतं."

मॅडमनी मला आणखी काही विचारलं नाही. लिहून घेतलं, जा म्हणाल्या. माझ्यानंतर प्रेसवाली गेली. दार नीट लागलं नव्हतं, तिचा आवाज बाहेर ऐकू आला. "होतं, मॅडम. मी लावलंय ते पान. फाईल अजून आमच्या दुकानात हाय. कापलं बी आमीच."

माझ्या खोटं बोलण्यानं काही बदललं नाही. शाळेचं रजिस्टर होतं, तिचा दाखला होता, तेवढं पुरेसं होतं. कुणाचं काही वाचलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. पण संपादकाला ते कळलं, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी मला भेटला.

"तुला कोन मारनार हुतं का?"

"न्हाई."

"मार्क कापनार हुते?"

"न्हाई, प्रॅक्टिकलचे भरून गेल्यात, लेखी तर बोर्डाचं."

"मग?"

मी सायकलचं हँडल धरून उभी राहिले.  त्याला खरंच उत्तर हवं होतं, तो मला टोचून बोलत नव्हता. मग गेला. परीक्षा झाल्यावर त्याच्या आईनं त्याला वाईला मावशीकडे ठेवलं, कारण गावात त्यांच्या रानाचं पाणी दोनदा कुणीतरी बंद केलं होतं. शाळेचं काम प्रेसवालीच्या वडिलांना पुन्हा मिळालं नाही. चाचा तिला एका शब्दानं बोलले नाहीत, असं ऐकलं. मला तिनं स्वतः काही सांगितलं नाही. आमचं बोलणं त्या दिवशीच बंद झालं होतं, भांडण न होता.

चित्रवालीनं दहावीची परीक्षा बालगृहातूनच दिली, सांगलीच्या केंद्रावर, बरोबर एक महिला पोलीस. ती पास झाली. मग अठरा होईपर्यंत तिला सासरी पाठवणार नाही असं घरच्यांनी लिहून दिलं आणि तिला परत वस्तीवर पाठवलं. मी अकरावीला साताऱ्याला गेले, त्यामुळे ती गावात असताना आमची गाठ पडली नाही. खरं सांगायचं तर गावी आले की मी वस्तीच्या रस्त्यानं जात नव्हते.

आता मी सांगलीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या पावसाळ्यानंतर आमची ड्यूटी गरोदर बायकांच्या तपासणीला लागली. माझं काम दारातल्या टेबलावर, वजन करायचं आणि कार्ड भरायचं. रांगेतली एक बाई पुढे आली, काट्यावर उभी राहिली, मी वजन लिहिलं आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "वय?"

"तुला पाठ हाय की," ती म्हणाली.

मी वर बघितलं. हिरव्या बांगड्या, सातवा महिना, हात सुजलेले. मागे सासू पिशवी घेऊन उभी.

मी कार्ड भरलं. तारीख खरंच पाठ होती. त्या तारखेनं तिला अठरा पूर्ण होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तपासणी झाल्यावर मी ड्यूटीवरच्या सिस्टरताईंना सांगून बाहेर आले. दवाखान्यासमोरच्या थांब्यावरून जतची गाडी नुकतीच गेली होती. सासू झाडाखाली पाठ टेकून डुलकी काढायला लागली, आणि आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो.

"अठरा झाली त्या महिन्यात पाठवलं," तिनं सांगितलं. "त्योच नवरा. केस हाय अजून, पन दोन्ही घरं म्हनाली मिटवू. कोन विचारतंय."

"नवरा बरा हाय का?"

"मारत न्हाई." हातातल्या बांगड्या वर सारत म्हणाली, "बोलत बी न्हाई फारसं. तुरुंगात गेला हुता माझ्यापायी, असं त्याला वाटतंय. बाबा तर अजून बोलत न्हाईत. माझ्या ताटात वाढायचं असलं तरी आईला सांगायचे, तिला वाढ."

मी म्हणाले, "मी त्या मॅडमना खोटं सांगितलं. पान नव्हतं म्हणून."

"कळलं हुतं मला. बालगृहात वाचून दाखवलं त्यांनी सगळ्यांचं."

"मला माफ कर म्हणायला तोंड नाही."

"तुझं काय मनाला लावून घिऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तू भ्यालीस. त्यो न्हाई भ्याला. पन मला इचारलं का कुनी? लगीन लावताना न्हाई इचारलं. सोडवताना बी न्हाई. मी त्या घरात जरा रुळले हुते गं, चुलीवर काय कुठं ठेवलंय ते कळायला लागलं हुतं. आनी एक दिवस दारात पोलीस. सगळी आळी बघत हुती. मला वाटलं आता तरी बारावी हुईल. आनी मग परत हितंच."

"अकरावीला घातलं नाही?"

"कोन घालणार? तुमच्यामुळं बाप जेलात गेला, म्हणत हुते घरी. 'तुमच्या' म्हंजे तुमी चौघं. मी बी त्यात."

मी तिला विचारलं, संपादक कुठं असतो माहीत आहे का. ती म्हणाली, भरतीच्या तयारीला लागलाय असं कुणीतरी बोललं. प्रेसवाली दुकानात बसते. दोघं एकदा बालगृहात तिला भेटायला आले होते, वह्या घेऊन. तेव्हा ती बाहेर आलीच नव्हती. "आत्ता वाटतं, यायला पायजे हुतं," ती म्हणाली.

चारची गाडी लागली. सासू उठली, पदर झटकला, "चल गं," म्हणाली. मी तिला हात देऊन पायरी चढवलं. खिडकीतून तिनं आपला नंबर सांगितला, तो मी हाताच्या तळव्यावर लिहिला आणि हॉस्टेलवर येईपर्यंत मूठ मिटली नाही.

मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सासूनं उचलला. पहिल्यांदा म्हणाल्या, रानात गेलीय. दुसऱ्यांदा केला तेव्हा दिवस भरून गेले होते.

"पहिलटकरीण म्हणून माहेरी जायाचं म्हणत हुती," त्या म्हणाल्या, "पन तिकडनं कोन न्यायला आलं न्हाई. हितंच झाली. मुलगी हाय."

"दोघी बऱ्या आहेत ना?"

"हायत की."

"तिला फोन देता का जरा?"

"झोपलीया," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.